यादीतला बेडूक

१

“आत्या, यादी तूच पुसलीस का?”

हा प्रश्न मुळात माझा नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात बांधला. एकीला आम्ही काडी म्हणतो, कारण कुठेही काडी लावायला ती तयारच असते. दुसरी फुगा, कारण कशानेही गाल फुगवते.

काडी म्हणाली, “तुमच्या घरात सगळ्यांच्या पोटात तेच आहे आणि ओठावर कुणी आणत नाही. हिंमत असेल तर तू विचार.”

फुगा म्हणाली, “ही विचारणार? ही हजेरीला ‘हजर’ म्हणताना बाकाखाली बघते!”

ते गेल्या वर्षीचं झालं. तीन आठवड्यांपूर्वी ‘आमच्या घरचा धंदा’ या विषयावर मी अख्ख्या वर्गासमोर वीस मिनिटं बोलले. हातात माईक, मागे मोठ्या पडद्यावर आमच्या दुकानाची यादी. टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई कोण भांडतंय ते बघायला आल्या. त्या दिवसापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते. म्हणून शाळा सुटल्यावर थेट दुकानात गेले आणि दप्तर न काढता विचारलं.

आत्या काउंटरमागे तिच्या खुर्चीत होती. चार महिन्यांपूर्वी तिला झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात तेवढा आला नाही. म्हणजे हलतो, पण बधिर आहे. तिनं तो मांडीवरून उचलून काउंटरवर ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा विसरून राहिलेला असावा तसा त्याच्याकडे पाहिलं.

“असेल,” ती म्हणाली. “असेल बाई. या हाताला कळतच नाही त्यानं काय धरलंय. माऊस धरलाय की मशीनचं झाकण, ते मला डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं.”

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की काहीतरी होईल. पोटात गोळा येईल, रडू येईल, गेला बाजार घाम तरी. काहीच झालं नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा जाड आणि परका लागतो, तसं आतून सगळं जाड झालं होतं. आमच्या घरात चार महिने सगळेच तसे होते. जेवायचे, बोलायचे, कामाला जायचे, पण इंजेक्शन उतरलेलं नव्हतं.

मागच्या खोलीत बाबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यांनी ऐकलं होतं.

“झालं तर मग,” ते आतूनच म्हणाले. आवाज सपाट. “रविवारी येतोच आहे तिचा मुलगा. घेऊन जाऊ दे तिला. इथे आता काय काम राहिलंय तिचं?”

स्क्रूड्रायव्हर परत सुरू झाला. म्हणजे माझ्या एका प्रश्नानं आत्याची खुर्ची गेली होती. आणि तेव्हाच माझी नजर खुर्चीशेजारच्या तसराळ्याकडे गेली. त्यात पाणी होतं.

२

आधी यादी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुसली तर पुसली, त्यात काय एवढं, असं वाटेल.

आमचं जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान. आमच्याकडे येणारी निम्मी मशीनं बनवणारे कारखानेच आता उरलेले नाहीत. त्यांची पुस्तकं मिळत नाहीत, भाग मिळत नाहीत. पण जगात कुठेतरी कुणीतरी एखादा खटपट्या माणूस असतो, जो आपल्या आजीच्या मशीनचं चित्र इंटरनेटवर टाकतो. कुठला पेच आधी सैल करायचा, खालच्या दोऱ्याचं शटल कुठल्या खुणेला लावायचं, सगळं. आत्या अशी पानं अकरा वर्षं शोधत आली. सापडलं की लिंक जपून ठेवायची. दोन हजारांच्या वर लिंका होत्या.

जपायची तिची पद्धत तिचीच. बाबांच्या डोक्यात मशीनं नंबरांनी असतात. आत्याच्या डोक्यात माणसांनी. तिच्या यादीत खण होते आणि खणांची नावं अशी: ‘पडदेवाला’, ‘दोन जुळ्यांची आई’, ‘छत्रीवाली’, ‘गणवेशाचा शिंपी, रागीट’. खणाच्या आत लिंकेला दुखण्याचं नाव. ‘टाके सुटतात’. ‘उलटं शिवते’. ‘रडते’, म्हणजे तेल गळतं. बाबा चिडायचे, “ताई, नंबर लिही गं!” आणि ती म्हणायची, “नंबर दारात येऊन उभा राहत नाही रे, माणूस राहतो.”

ही यादी तीन कम्प्युटरांवर दिसायची. एक काउंटरवर, आत्यासमोर. एक मागच्या खोलीत बाबांच्या टेबलाशेजारी, जाडजूड, जुना. तिसरा घरचा लॅपटॉप, आईचा. आत्याच्या मुलानं, म्हणजे माझ्या दादानं, तिन्हीकडे एकच खातं जोडून दिलं होतं. इकडे जपलेलं तिकडे आपोआप दिसायचं.

गेल्या काही दिवसांत यादीत पाहुणे यायला लागले होते. हा बाबांचा शब्द. कुठला बुद्धिबळाचा खेळ, कुठल्या जुन्या प्रश्नपत्रिका, कुठला बेडूक. “ताई दुकानात बसून खेळ खेळते,” असं ते आईला हळू आवाजात सांगताना मी ऐकलं होतं. बेडकाला मी हसलेसुद्धा होते. आणि मग गुरुवारी, दुपारी साडेबाराला, बाबा पडदेवाल्याच्या मशीनसाठी यादी उघडायला गेले, तर यादी रिकामी. काउंटरवर रिकामी, घरी फोन केला तर घरीही रिकामी. खण नाहीत, माणसं नाहीत, पाहुणेही नाहीत.

बाबा आत्याला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर पाण्याचं तसराळं.

“आत्या,” मी म्हटलं, “हे पाणी कसलं?”

“फिजिओवाल्या बाईंनी सांगितलंय. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, बोटं उघडझाप करायची. रोज.”

“किती वाजता?”

“सव्वाअकरा ते पावणेबारा. घड्याळ लावून. का गं?”

मी दप्तर काढून खाली ठेवलं. तपास सुरू झाला होता.

३

घरी आई कामावर निघायच्या गडबडीत होती. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, या आठवड्यात तिची संध्याकाळची पाळी होती.

“आई, गुरुवारी सकाळी लॅपटॉपवर कोण होतं?”

“मीच. का? पुसली का असं तुझ्या बाबांनी विचारलं, मी नाही म्हणून सांगितलंय. एकाच गोष्टीचे किती पंचनामे?”

“पुसली का असं नाही विचारत मी. तू काय बघितलंस ते विचारतेय.”

आईचा बूट घालणारा हात थांबला. “परीक्षा देत होते. नव्या यंत्राचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं ना आमचं. वरती उलटं घड्याळ चाललं होतं, अर्ध्या तासाचं. पाच मिनिटं उरली होती आणि वरची यादीची पट्टी एकदम कोरी झाली. मला वाटलं, परीक्षेत कॉपी करू नये म्हणून तेच लपवतात.”

“तू कशाला हात लावलास?”

“दोन्ही हात तोंडावर होते माझे. सतरावा प्रश्न येत नव्हता.”

“परीक्षा संपली कधी?”

“बरोबर साडेअकरा.”

म्हणजे यादी गेली अकरा पंचवीसला. आणि पट्टी आईच्या डोळ्यांदेखत गेली, तिनं काही न करता. “हे तू बाबांना सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?” आई म्हणाली आणि बुटाची नाडी ओढली.

दुसरा साक्षीदार शोधायला लांब जावं लागलं नाही. गुरुवारी सकाळी दुकानात कोण आलं होतं, हे आत्याला पक्कं आठवत होतं, माणसं ती विसरत नाही. छत्रीवाली. तीन दुकानं सोडून तिचं छत्र्यांचं दुकान. शिवण कच्ची निघतेय म्हणून ती मोडकी छत्री घेऊन आली होती.

“अकरा वीसला आले मी,” छत्रीवाली म्हणाली. दातांत दोरा धरून बोलत होती, तरी ऐकू येत होतं. “माझा माल घेऊन जाणारी गाडी साडेअकराला येते ना, तिच्या आधी परत पोचायचं होतं. तुझी आत्या तसराळ्यात हात घालून बसलेली. डाव्या हातानं माझ्या छत्रीची शिवण चाचपत होती. डोळे मिटून! म्हणते कशी, ‘सुई वाकडी झालीय तुझी, धागा नाही.’ आणि खरंच गं, सुईच निघाली.”

“तेवढ्या वेळात तिनं माऊस धरला?”

“कशानं? तिसरा हात आहे का तिला?”

उजवा पाण्यात. डावा छत्रीवर. आणि यादी अकरा पंचवीसला गेली.

मी दुकानाकडे पळत सुटले. आत्या सुटली होती! पण अर्ध्या रस्त्यात पाय आपोआप हळू झाले. काउंटरवर आत्या होती, तिनं पुसलं नाही. घरी आई होती, तिनं पुसलं नाही. मागच्या खोलीतला जाडजूड कम्प्युटर झटक्याच्या दिवसापासून कुणी लावलेलाच नव्हता, त्यावर धुळीचा थर होता.

मग खात्याला आत शिरून हात लावणारं उरलं तरी कोण? एकच माणूस. ज्यानं खातं उघडलं होतं आणि जो रविवारी आत्याला न्यायला येणार होता.

४

“दादा, आत्या तुझ्याकडे आली तर तुला बरं वाटेल ना?”

दुकानात पोचून मी काउंटरवरूनच दादाला फोन लावला होता. तो दुसऱ्या शहरात असतो, तिथे त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. लिफ्टबद्दल तो इतकं बोलतो की लिफ्टशीच लग्न करणार की काय, असं आम्ही म्हणायचो. आता म्हणत नाही.

“हे काय चाललंय, भिंगरी? उलटतपासणी?”

भिंगरी मी. लहानपणापासून.

“यादी तूच पुसलीस का,” असं जिभेवर आलं होतं. ते गिळलं. या प्रश्नानं एकदा वाट लावलेली होती. “गुरुवारी सव्वाअकरा ते साडेअकरा तू कुठे होतास?”

“गुरुवारी? आईसाठी पलंग बघायला गेलो होतो. उंच पाहिजे तिला, उठायला सोपा. फोन बंद पडला होता, तुझ्या बाबांचे सात मिस्ड कॉल दुपारी बघितले. दुकानदाराला विचार हवं तर.” मग त्याचा आवाज जरा उतरला. “आणि यादी मी कशाला पुसू? मला यादीतूनच कळतं ती बरी आहे ते. इथून उघडतो कधीकधी. नवीन खण दिसला की समजायचं, आज बसली होती कामाला.”

मी त्याला खरं मानलं. असं खोटं कुणाला सुचत नाही.

“मग दादा, तिन्हीकडे एकदम कशी गेली?”

“तीन कुठे आहेत? एकच वही तीन टेबलांवर पडलीय असं समज. एका टेबलावर पान फाडलं की तिन्ही टेबलांवर फाटतं. ज्या टेबलावर दिवा बंद आहे तिथे तेवढं नंतर फाटतं, दिवा लावला की.”

“म्हणजे बंद कम्प्युटरवर...”

“जुनीच असणार अजून. लावला आणि इंटरनेट मिळालं, की तीही जाईल. क्षणात.”

मागच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. “ऐकलंस का गं ताई, त्या जुन्या डब्यात बघतो जरा. त्यात राहिली असेल एखादवेळेस.” आणि फडक्यानं धूळ झटकल्याचा आवाज.

मी फोन टाकला.

“बाबा! बटण दाबू नका!”

ते टेबलाखाली वाकले होते. बोट बटणावर होतं. मी त्यांच्या पाठीवरूनच हात घातला आणि कम्प्युटरच्या मागे लागलेली इंटरनेटची वायर हिसकून काढली. वायरबरोबर खिळ्यांचा डबा, तेलाची कुपी आणि बाबांचा चष्मा खाली आले.

“वेड लागलंय का तुला?”

“आता दाबा,” मी म्हटलं.

कम्प्युटर घरघरला, बराच वेळ काही झालं नाही. मग पडदा उजळला आणि वरती डाव्या कोपऱ्यात, एकाखाली एक, माणसं उगवली. पडदेवाला. दोन जुळ्यांची आई. छत्रीवाली. गणवेशाचा शिंपी, रागीट.

आत्या भिंत धरत दारापर्यंत आली होती. बाबा खाली बसूनच चष्मा शोधत होते. सापडल्यावरही त्यांनी तो बराच वेळ पुसला. कुणी हुर्रे केलं नाही. मी यादी एका फाईलमध्ये उतरवली आणि ती फाईल पेनड्राइव्हवर घेतली, एकदा नाही, तीनदा.

“शाबास,” बाबा म्हणाले. मग उठले, आत्याकडे न बघता म्हणाले, “मिळाली, बरं झालं. पण आता ताईनं माऊसला हात लावायचा नाही. परत परत दैव साथ देत नाही. रविवारचं ठरलंय ते ठरलंय.”

“पण बाबा, आत्याचे दोन्ही हात...” मी पाणी सांगितलं, छत्री सांगितली, आईची परीक्षा सांगितली, दादाचा पलंग सांगितला.

त्यांनी सगळं ऐकलं. “मग कुणी पुसली?”

मी पेनड्राइव्हचं झाकण काढलं, परत लावलं.

“बघ,” ते थकून म्हणाले. “तिघांपैकी तिघंही नाहीत म्हणतेस. यादीला पाय फुटले का? आणि ते खेळ, तो बेडूक, तेही आकाशातून पडले?”

बेडूक.

माझे कान गरम झाले. आमच्या घरात बेडूक शिकतं कोण?

५

फुगा हे वाचेल तेव्हा म्हणेल, मला तर पहिल्याच पानावर कळलं होतं. असेल. मला शनिवारी सकाळपर्यंत लागलं, आणि खरं सांगायचं तर कळायला वेळ लागला नाही, कळू द्यायला लागला.

शनिवारी शाळेत गेले ती थेट कम्प्युटरच्या खोलीत. तिथले काका कुणाला आत सोडताना चपला काढायला लावतात आणि स्वतः मात्र बूट घालून फिरतात. ते एका कीबोर्डमधून पेन्सिलीचा भुगा काढत होते.

“काका, बेडकाची पचनसंस्था कुठल्या कम्प्युटरवर दाखवतात?”

“सातव्या. मोठ्या पडद्याला तोच जोडलाय ना. सगळे बेडूक तिथेच.”

“आणि बुद्धिबळ?”

त्यांनी दाराकडे बघितलं. “ते बाहेर बोलायचं नाही. मधल्या सुट्टीत जरा डोकं चालवतो मी.”

मी सातव्या कम्प्युटरसमोर उभी राहिले. याच खुर्चीत बसून मी तीन आठवड्यांपूर्वी दुकानाच्या खात्यात शिरले होते, यादी मोठ्या पडद्यावर दिसावी म्हणून. मग माईक घेतला, मग बोलले, मग टाळ्या. टाळ्या थांबेचनात. मी तशीच उठून बाकाकडे गेले होते, तरंगत. खात्यातून बाहेर पडले होते का?

बाहेर पडले असते तर बेडूक आमच्या यादीत आला नसता. त्या कम्प्युटरवरच्या लिंका आणि आमच्या लिंका त्या दिवशी एका वहीत मिसळल्या. आत्यासमोर बेडूक गेला आणि...

“काका, यावर दुसऱ्याही लिंका होत्या का? खूप?”

“विचारू नकोस! सहामाही आली की मी सगळे कम्प्युटर धुवून काढतो, मुलांनी काय काय जपून ठेवलेलं असतं. यंदा या सातव्यावर बघतो तर हजारो! आणि काय, तर शिलाई मशीनं! ‘रडते’. ‘उलटं शिवते’. म्हटलं हा कुठला वेडा वर्गात शिरलाय! सगळ्या एकदम निवडल्या आणि एक बटण.” त्यांनी हवेत बोट आपटलं. “स्वच्छ.”

“कधी?”

“गुरुवारी. चौथ्या तासाला, खोली रिकामी असते तेव्हा. अकरा वीसला घंटा होते ना, ती झाल्यावर लगेच.”

मी खाली बसले. सातव्याच्याच खुर्चीत. त्यांनी पुसलं, पण त्यांचा काय दोष? ते त्यांचं टेबल स्वच्छ करत होते. आमची वही तिथे उघडी टाकून मी गेले होते.

मी खात्यातून बाहेर पडायचं बटण दाबलं. तीन आठवडे उशिरा.

मग विचार केला. विचार म्हणजे हिशोबच होता, अगदी थंड. यादी मिळाली आहे. पुसली कुणी, हे कुणाला कळायचं कारण नाही. काका विसरतील. आत्या ‘असेल’ म्हणालीच आहे. दादाकडे लिफ्ट आहे, उंच पलंग आहे. आणि माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट धडपणे केली होती, ती वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांनीच हे केलं असं म्हटलं, की मग माझ्याकडे काय उरतं? बाकाखालची फरशी.

जीभ दातांवरून फिरवून बघितली. इंजेक्शन होतं अजून.

६

रविवारी सकाळी आत्याची बॅग दारात होती. एकच, लहान. अकरा वर्षं दुकानात बसलेल्या बाईकडे इतकं कमी सामान असतं, हे मला माहीत नव्हतं. दादा खाली गाडीवाल्याशी बोलत होता. आई-बाबा स्वयंपाकघरात डबा भरत होते, एकजण झाकण लावतंय, एकजण पिशवी धरतंय.

त्या बॅगेसमोर माझा कालचा हिशोब जुळेना. मी आत्याच्या खोलीत गेले आणि दार लोटलं.

“आत्या, मीच. शाळेत खातं उघडं ठेवलं. तिथून गेली यादी.”

ती डाव्या हातानं उजव्या हाताला बाही चढवत होती. थांबली नाही. “बेडूक तुझाच, हे माहीत होतं मला. तुझ्या वर्गाचं नाव होतं वर. मी उघडून बघितला सगळा. जठर किती एवढंसं असतं नाही? तुझ्या नावाचा खण केला होता, ‘भिंगरी’, त्यात ठेवला होता नीट.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“बेडकानं यादी पुसली असेल असं कसं वाटेल मला? मला वाटलं, हात असेल. खरंच वाटलं.” बाही अडकली होती. मी सोडवली. “आणि तू तरी काय विचारलंस? ‘तूच पुसलीस का?’ कुणी पुसली, असं विचारलं असतंस तर दोघी मिळून शोधलं असतं.”

काडी आणि फुगा शहाण्या असतील, पण प्रश्न वाईट होता. त्यात उत्तर आधीच भरलेलं होतं. आणि मला आठवलं, चार महिन्यांत आमच्या घरात या बाईला सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. पाणी कोमट घे, माऊसला हात लावू नकोस, बॅग भर. विचारलं कुणीच काही नव्हतं.

“आत्या, तुला जायचंय का?”

तिनं आता माझ्याकडे पाहिलं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

“नाही,” ती म्हणाली. ‘असेल’ नाही म्हणाली. “त्याच्याकडे जाईन मी, पाहुणी म्हणून, आठ दिवस. त्यानं पलंग घेतलाय माझ्यासाठी. पण मला माझ्या खुर्चीत बसायचंय गं. तिथे बसलं की निदान डोळ्यांना तरी समजतं, मी कोण आहे.”

मी तिचा उजवा हात धरला. तिला ते कळलं नाही. ती दाराकडे बघत होती. मग तिनं खाली पाहिलं, माझा हात दिसला, आणि मग हसली. आणि माझा ओठ थरथरायला लागला. इंजेक्शन उतरतं तेव्हा आधी मुंग्या येतात, मग दुखतं. दुखायला लागलं.

मी तशीच, नाक ओढत, तिचा हात न सोडता स्वयंपाकघरात गेले. तिलाही यावं लागलं. बाबांच्या हातात डबा होता, आईच्या हातात पिशवी. दादा जिना चढून दारात आला होता.

“आई, बाबा,” मी म्हटलं. आवाज फाटला, पण माईकशिवाय पुरला. “यादी माझ्यामुळे पुसली गेली. शाळेत सातव्या कम्प्युटरवर खातं मी उघडं टाकलं, त्या भाषणाच्या दिवशी. खेळ काकांचे होते, बेडूक माझ्या वर्गाचा होता, आत्यानं काहीच केलेलं नाही. उद्या मी वर्गात उभी राहून हेच सांगणार आहे, तिथेच, त्याच माईकवर. ती बॅग आठ दिवसांची आहे, जास्तीची नाही. हे तिनं सांगितलंय, मी विचारलं म्हणून. आणि ती परत आली की रोज शाळा सुटल्यावर मी काउंटरवर बसणार, तिच्या उजव्या बाजूला. माऊस तिच्याच हातात राहणार, बाबा. हातात काय धरलंय, तेवढं मी सांगत जाईन.”